गोड पाण्याची पाहणी

खालच्या आळीतल्या वाडीवाल्या मावशींवर अन्याय झाला तो गेल्या सर्वपित्री अमावस्येला, दुपारच्या भरतीला. त्या पितरांचं पान वाढत होत्या आणि खाडीचं पाणी नाल्यातून उलटं वर चढून त्यांच्या सुपारीच्या वाडीत शिरलं, तिथून विहिरीत. वाडी आणि विहीर, याखेरीज मावशींचं काही नाही. अन्याय करणाऱ्यांत माझे सख्खे मोठे काका होते. ते नगरपरिषदेत बांधकाम समितीचे सभापती. मी त्यांच्याच घरात राहते, त्यांच्याच टेबलावर माझी पत्रकं लिहिते.

नाला खाडीला मिळतो तिथे उघाडी आहे, म्हणजे लोखंडी झडप. ओहोटीला ती आतलं पाणी सोडते, भरतीला बाहेरचं अडवते. बिजागऱ्यांना वेळच्या वेळी वंगण आणि गंजली की नवी झडप, एवढंच तिचं मागणं. अभियंते दर अर्थसंकल्पात तेवढे पैसे मांडत आणि सभेत पहिली कात्री तिथेच लागे. त्या वर्षी ते पैसे किनाऱ्यावर गावाच्या नावाची झगमगती अक्षरं उभी करायला गेले. पर्यटक त्यांच्यापुढे फोटो काढतात.

जेवताना मी काकांना याबद्दल छेडलं होतं. ते आमटी ओरपत म्हणाले, "वंगण लावल्याचं उद्घाटन करायला कोण पाहुणा येईल गं? तू येशील, फार तर!" घरात सगळे हसले. काकूसुद्धा.

झडप गंजली आणि उघडीच अडकली. त्या अमावस्येनंतर दर उधाणाला खारं पाणी आत येतच राहिलं. दिवाळीपर्यंत विहिरीचं पाणी तोंडात धरवेना आणि सुपारीची रोपं शेंड्याकडून करपायला लागली. मावशींनी तक्रार केली, मी ती पत्रकात छापली, आणि शेवटी नगरपरिषद पाहणीला निघाली. पुढे काका, बरोबर अभियंते, मागून मी.

मावशींनी अंगण सारवून खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्याकडे उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गूळ ठेवतात, पाणी देतात, बोलणं मागाहून. काकांनी तांब्या एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि अभियंत्यांना म्हणाले, "पाणी तर गोड आहे की हो! घ्या लिहून." अभियंत्यांनीही पेला रिकामा केला आणि मान डोलावली.

मावशी पदर सावरत बाजूला उभ्या. मी विहिरीवर गेले, पोहरा ओढला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. परत येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, यांना दिलंत ते पाणी कुठलं?"

त्या जमिनीकडे बघत होत्या. "वरच्या आळीतनं आणलं सकाळी. दारात आलेल्या पाव्हण्याला खारं पाणी देऊ व्हय, बाय? असं न्हाय करत कोण."

लाज त्यांना वाटत होती. त्यांना! विहीर नासवणारा माणूस खुर्चीत बसून गूळ चघळत होता आणि त्या आपल्या विहिरीबद्दल ओशाळल्या होत्या.

मी काकांना म्हटलं, आता विहिरीचं पिऊन बघा. त्यांनी घड्याळ पाहिलं. "अगं, तोंड गोड झालंय आत्ताच, कशाला घालवतेस?" मग मावशींना म्हणाले, "वहिनी, आदरातिथ्य मात्र तुमच्याकडून शिकावं." आणि उठले.

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनीच सांगितलं, पाहणीत पाणी गोड आढळलं, विषय संपला. मी प्रेक्षकांतून उठून खरं काय ते बोलले, तर मागून कुणीतरी म्हणालं, घरची भांडणं घरी करा. हशा पिकला. त्या दिवशी जेवायला बसताना मी नळावरून तांब्या भरून घेतला. आमच्या घरच्या नळाला गोडं पाणी येतं. काकांचं आडनाव माझंही आहे. मावशींच्या आळीतून जाताना मी अजून मान वर करत नाही.

झडप तशीच उघडी आहे आणि वाडीतली निम्मी रोपं उपटून टाकली आहेत.

तुम्ही कुठल्याही गावचे असा, तुमच्याकडेही एखादा साकव, एखादी टाकी, एखादी झडप अशीच गंजत पडली असणार. यंदाचा अर्थसंकल्प मंजूर व्हायच्या आधी नगरपरिषदेत जा. आहे ते जपायला किती ठेवलंय आणि पुढच्या दहा वर्षांत काय कधी बदलणार, ते विचारा. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.