चारुदत्त मास्तर आणि बादशहाचा बिशप

आमचे शेजारी चारुदत्त मास्तर निवृत्त झाल्यापासून रोमन बादशहांच्या मागे लागलेत. जुन्या ख्रिस्ती इतिहासकारांनी धर्माच्या कारभारात हे बादशहा कसे रंगवले, यावरचं त्यांचं पुस्तक अकरा वर्षं चाललंय. वाडीला कॉन्स्टंटाइन आता चुलतसासऱ्याइतका माहीत. बिशपांची सभा भरली, हा बादशहा आला, पण बिशपांनी खूण करेपर्यंत खाली बसला नाही, असं एका बिशपाने कौतुकाने लिहून ठेवलंय. त्याच बादशहाने पोटचा मुलगा ठार करवला, त्याबद्दल मात्र अक्षर नाही.

"लबाड मेला!" घरापुढच्या खळ्यात येरझाऱ्या घालत मास्तर बिशपाचा उद्धार करत.

यंदा ग्रामदेवीचं देऊळ नवं झालं. देवस्थानचे अध्यक्ष विनीतशेठ, आंब्याच्या कलमांच्या बागा असलेले. स्मरणिकेतला देवळाचा इतिहास मास्तरांनी लिहिला, छापखान्यात धाडला आणि मला कच्ची प्रत वाचून दाखवली. म्हणे, विनीतशेठ देवीपुढे खुर्ची नाकारून जमिनीवर बसतात! याच शेठनी, सभेत उलट बोलला म्हणून, काशीरामच्या घराण्याचा पालखीला पहिला खांदा देण्याचा मान काढला होता. गेल्या शिमग्यात घरोघर थांबणारी पालखी काशीरामच्या दारावरून तशीच पुढे नेली. त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमचा तो बिशप आपल्या वाडीत कधी राहायला आला?"

मास्तर हसले नाहीत. बसले, उठले, पुन्हा बसले.

"बाळ्या, स्कूटर काढ. छापखान्यात जायचंय."

"अहो, शिमगा आठ दिवसांवर आलाय. पालखी तुमचंही दार चुकवील."

"ठाऊक आहे. काढ म्हणतो ना!"

मागे बसून इतकी चुळबुळ, की मारुती मंदिराजवळ मी दोनदा ओरडलो.

लेखात भर घालायचीय म्हटल्यावर छापखानेवाला म्हणाला, "अध्यक्षांना विचारलंत?"

"लेखाखाली नाव कुणाचं आहे?"

मास्तरांनी उभ्याउभ्याच तीन ओळी वाढवल्या. काशीरामचं नाव, त्याच्या आजोबांचं नाव, मान कोणी काढला आणि का.

घरी मास्तरांच्या पत्नी कमलावहिनी दारातच उभ्या. चाळीस वर्षं त्यांनी याच दारात पालखी ओवाळलेली. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग यंदा देवीची ओटी देवळात जाऊन भरीन."

मास्तरांच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू. "तिथेही शेठनी अडवलंन तर?"

"तर पायरीवर उभी राहीन. बघू, देवळातून बाहेर यायला त्याला दुसरी वाट आहे का."