खोबरेलात बुडालेला काना

मला किळस लवकर येते हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या कंगव्यातला केस, ओलं ठेवलेलं ओट्याचं फडकं, बशीतून भुरका मारून प्यायलेला चहा, यांतलं कुठलंही एक मला दिवसभर पुरतं. पण यंदा तुमच्या आजोबांच्या कीबोर्डाच्या बटणांखाली जे पाहिलं, तसं मी या घरात इतकी वर्षं राहूनही पाहिलं नव्हतं.

हा कीबोर्ड तुमच्यातल्या धाकटीने पाठवलेला. त्यातल्या प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा एक स्वतंत्र स्विच असतो आणि दाबला की तो टक्‌ करून वाजतो. आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून तिने मुद्दाम मोठ्याने वाजणारा निवडला. मी त्यावर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी आजोबा एका बोटाने तिला मालवणीत लिहीत बसायचे. ती परदेशातच जन्मलेली, अक्षर अक्षर लावून वाचणारी, पण तिला हवी होती ती आजोबांची मालवणी. माझं शुद्ध मराठी तिने कधी मागितलं नाही.

लिहिताना आजोबांच्या दुसऱ्या हातात तळलेल्या बांगड्याचा तुकडा असायचा. मी ताटली उचलून न्यायचे, ते उठून परत आणायचे. कीबोर्डावर तेलकट बोटांचे ठसे उठायचे आणि मला त्या खोलीत पाऊल टाकवत नसे.

आजोबांचा जन्म बोटीच्या इंजिनखोलीत गेला. त्यांचा नियम एकच. "वाजता म्हणजे तेल होया तेका." आणि आमच्या घरात तेल म्हणजे खोबरेल. केसांना तेच, बिजागरीला तेच, कापलेल्या बोटाला तेच. एके दुपारी मी वेंगुर्ल्याच्या बाजारात गेले असताना त्यांनी वाजणाऱ्या बटणांत खोबरेल सोडलं. कशाने, तर माझ्या डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरने. हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि तो ड्रॉपर मी मधल्या काळात वापरलेला होता. पुढचं सांगत नाही. त्या दिवसांत एवढंच जाणवलं की टकटक कमी झाली आहे, आणि मला बरं वाटलं.

मग एका संध्याकाळी ते कॉम्प्युटरकडे गेलेच नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाहीत. आरामखुर्चीत खाडीकडे तोंड करून बसले. मी विचारलं तर म्हणाले, "मी आता तिका लिवचंय नाय."

कारण विचारायला दोन दिवस लागले. "ती माझी थट्टा करता. जोब म्हणता माका."

बोटीवरचे साहेब त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचे, हे त्यांनी मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. साहेबांचं त्यांनी गिळलं. नातीचं गिळवत नव्हतं. जेवणही कमी झालं होतं.

मी कॉम्प्युटर उघडला. धाकटीचा शेवटचा निरोप होता: "जोब, मक बर स. तुक?" मलाही क्षणभर राग आला. मग नजर वर गेली, आजोबांनी तिला लिहिलेल्या ओळीवर: "बय, मक बर स. तुक? – जोब."

त्यांना लिहायचं होतं, "बाय, माका बरा आसा. तुका? – आजोबा." या कीबोर्डावर इंग्रजी ई असतो त्या बटणावर काना आहे, आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की आ. ते एकच बटण मेलं होतं. आजोबा टाइप करताना पट्ट्यांकडे बघतात, पडद्याकडे नाही. त्यामुळे कित्येक दिवस ते पोरीला काना नसलेली पत्रं पाठवत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "मी बरोबर लिवलंय. तू माका शिकव नको," म्हणाले आणि बागेत निघून गेले.

मी फोनवरून धाकटीला व्हिडिओ कॉल लावला. मी तोंड उघडण्याआधीच तिने विचारलं, "आजी, जोब माझ्यावर रागावले का?" तिला वाटलं होतं मालवणी अशीच असते, अर्धी गिळून बोलायची. कॉलेजला जाताना ती "मक बर स" मोठ्याने घोकत असे. आजोबांचं उत्तर येईना तेव्हा ती घाबरली. बारीक आवाजात म्हणाली, "मी मालवणीत काही घाण बोलले का? त्यात शिव्या खूप आहेत असं ऐकलंय."

खरा प्रकार कळल्यावर ती हसली आणि म्हणाली, आत्ताच दुरुस्त करू. मला वाटत होतं की हे स्विच डाख देऊन पक्के केलेले असणार, म्हणजे दुकान गाठणं आलं. ती म्हणाली, काही कीबोर्डांत तसं असतं, पण हा हॉट-स्वॅपेबल आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मी त्याचा अर्थ लावला, गरम करून बदलायचे. खोबरेल थिजतं, ते वितळायला हवं, हे मला पटलंही. मी कीबोर्ड उचलून उन्हात ठेवायला निघाले. तिला हसू आवरेना. हॉट म्हणजे चालू, आजी, कॉम्प्युटर चालू असतानाही बदलता येतात. स्विचच्या पोटाला दोन बारीक तारा असतात, त्या खालच्या खोबणीत नुसत्या बसतात. बल्ब गेला म्हणून कोणी भिंत फोडत नाही, तसंच हे.

तरी मी वायर काढून ठेवली, कारण स्पिरिटने पुसावं लागणार होतं. कीबोर्डाबरोबर आलेल्या चिमट्याने कान्याच्या बटणाची टोपी उचलली.

खवट वास आधी आला. मग दिसलं. पिवळट, थिजलेलं खोबरेल, त्यात बांगड्याच्या कुरकुरीत सालीचा चुरा, एक पांढरा केस, नखाचा तुकडा, आणि मुंग्या. काही मेलेल्या, काही अजून पाय हलवणाऱ्या. शेजारच्या टोपीखाली पालीची लेंडी. फोनमधून धाकटी म्हणाली, "आजी, जवळ दाखव ना." मी दाखवलं. ती "ई" म्हणून पडद्यावरून गायब झाली.

तोंडाला पदर बांधून मी पुढचं केलं. चिमट्याने स्विचच्या वरखालच्या कडा दाबून सरळ वर ओढायचं. तो चिखलातून पाय निघावा तसा आवाज करत निघाला. खोबण पुसली, वाळू दिली. बदली स्विच काढला त्याच कीबोर्डावरच्या स्क्रोल लॉकचा, कारण ते बटण या घरात कोणी दाबलेलं नाही आणि आजोबांचं तेल तिथवर गेलं नव्हतं. पहिल्यांदा मी तो तिरका दाबला आणि एक तार वाकली. ती हळूच सरळ केली, पुन्हा अगदी उभा धरून दाबला. वायर जोडली. टक्‌. पडद्यावर काना उभा राहिला.

मग आजोबांना बागेतून बोलावलं. साबणाने हात धुवायला लावले, दोनदा, मी समोर उभी राहून. त्यांची जुनी ओळ त्यांना दाखवली. चष्मा पुसून त्यांनी ती वाचली, परत वाचली. खुर्ची ओढली आणि प्रत्येक अक्षरानंतर मान वर करून बघत लिहिलं, "बाय, माका वाटला तू माजी थट्टा करतंस."

धाकटी एव्हाना फोनवर परत आली होती. तिने ती ओळ मोठ्याने वाचायला घेतली, "बय, मक..." आणि अडली. जिभेला तीच सवय लागली होती.

"मक नाय गो," आजोबा म्हणाले. त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि फोन हातात घेतला. "माका. तोंड उघड. मोठा उघड, असा."

आणि त्यांनी फोनच्या काचेला जवळजवळ नाक लावून जबडा पुरता उघडून दाखवला. हात धुतले होते, चूळ भरली नव्हती. खालच्या दातांत बांगड्याचा काटा आडवा अडकला होता आणि जिभेवर सोलकढीचा गुलाबी थर होता. पलीकडे धाकटीनेही तेवढंच तोंड उघडलं होतं आणि ती त्या तोंडात बघत म्हणत होती, "मा. का. मा. का." मी मान फिरवली आणि चिमटा उकळत्या पाण्यात टाकायला आत गेले.