बँडवाल्यांनी बाजूला व्हायचं नाही

मी पत्रकं लिहिणारी. ऊसतोड कामगारांच्या मागण्या, ठळक अक्षरं, शेवटी तीन उद्गारचिन्हं. म्हणून परंड्यात आमच्या गल्लीतले बँडचे मास्तर जेव्हा म्हणाले, "आमचा बी एक व्हिडिओ काढ की, पोरी," तेव्हा मी मोबाईलच्या आधी कागद काढला आणि एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर शॉटची यादी केली.

व्हिडिओ हवा होता सुपाऱ्यांसाठी. लग्नवाले आता वाजंत्री ठरवायला दारात येत नाहीत, मोबाईलवर बघतात, आणि तिथं दिसतो डीजे. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत लग्नं ठरली नाहीत तर अकरा वाजवणाऱ्यांतले चौघं ऊसतोडीच्या टोळीत जाणार होते. ते गेले की बँड मोडला. हे सांगताना मास्तर क्लॅरिनेट पुसत होते. माझ्याकडं बघत नव्हते.

माझी यादी अशी होती: फाटक्या बुटांचा क्लोजअप. पंगती उठल्यावर मांडवाच्या कोपऱ्यात जेवणारे वादक. घामानं भिजलेली कॉलर. मास्तरांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"हे बघून कोन बोलवंल आमाला लग्नात?"

"पण हे खरंय, मास्तर."

"खरं हाय की. मयत बी खरीच असती. मनून वरातीत दाखवायची व्हय?"

ढोलवाले काका शेजारीच होते. "आन् बूट तर म्या नवा घेतलाय. तुझ्यासाठी जुना घालून येऊ का?"

मी चिडले. अजूनही मला वाटतं, तो पंगतीचा शॉट घ्यायलाच पाहिजे होता. पण खोडला. मास्तरांना हवं होतं ते साधं होतं: सगळे लाल कोटात, ओळीनं, वाजवत कॅमेऱ्याकडं येतायत. मी मोबाईल धरून उलटं चालत जायचं. एवढंच.

बाजार नव्हता त्या दिवशी सकाळी आम्ही बाजाराच्या रस्त्यावर जमलो. पंधरा पावलं झकास झाली. मग मी जरा थांबले, त्यांच्याजवळ गेले, आणि ओळ मधोमध फाटली. पाच डावीकडं, सहा उजवीकडं. माझ्या पडद्यावर रिकामा रस्ता आणि एक शेळी. गाणं मात्र दोन्ही बाजूंनी चालूच.

"काय झालं?"

"कुठं काय? तू आलीस न्हवं म्होरून."

पुन्हा घेतलं. पुन्हा शेळी. तिसऱ्यांदा मी खुळखुळे वाजवणाऱ्या दादाला धरलं. तो म्हणाला, "शूटिंगवाला जवळ आला की सरकायचं असतंय, ताई. मागं नवरदेव असतोय."

त्याला ह्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं. ह्या माणसांनी किती लग्नं वाजवली त्याची मोजदाद नाही, सगळ्या लग्नांच्या व्हिडिओत त्यांचा आवाज आहे, आणि माणूस बघायला गेलं तर कडेला एखाद्या कोटाची बाही! मी तिथंच रस्त्यावर हात वर करून सुरू झाले. तुमच्यामागं आज नवरदेव नाही! रस्ता तुमचा आहे! हटायचं नाही!

"झिंदाबाद मनायचं का आता?" ढोलवाले काकांनी विचारलं. चौथ्यांदाही ते सरकले. फक्त ह्या वेळी हसत हसत.

मास्तर दगडावर बसून माझी यादी बघत होते. मग म्हणाले, "तू चालूच नगं. गप उभी ऱ्हा. आमी येतो. सरकायचं ते तू सरक."

"शॉट बिघडंल, मास्तर."

"बिघडू दे."

मी उभी राहिले. ते आले. दहा पावलं, पाच पावलं. पुढच्या रांगेतल्या ट्रम्पेटवाल्याचा डावा पाय बाहेर जायला लागलेला मला दिसला. मास्तरांनी क्लॅरिनेट न थांबवता त्याला कोपर मारलं. पाय आत आला. मग मलाच भिंतीला चिकटावं लागलं. पडद्यावर आभाळ, भिंत, लाल खांदा, आणि मग अकरा पाठी, सरळ पुढं जाणाऱ्या. ते वळणापर्यंत थांबले नाहीत.

तोच व्हिडिओ ठेवला. मास्तरांनी तो सगळ्यात आधी त्या चौघांना दाखवला, चहाच्या टपरीवर. ट्रम्पेटवाला त्यांच्यातलाच. त्यानं तीनदा बघितला.

"म्या असा दिसतो वाजवताना?"

"गाल बघ की, भाकरीवानी फुगल्यात," ढोलवाले काका म्हणाले.

त्यानं तो तिथल्या तिथं बायकोला पाठवला. उरलेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाला, "मुकादमाला सांगतो, औंदा न्हाय येत." त्याचं बघून आणखी एक राहिला. दोघं गेले, खुळखुळेवाला दादा त्यांच्यात. त्यांना अडवायला माझ्याकडं पत्रक नव्हतं.

मग सोनारी गावाकडच्या एका लग्नाची सुपारी आली. मास्तर आमच्या दारात आले, हातात खुळखुळे. मी म्हटलं, मला ताल कळत नाही.

"घोषना तर तालात देतीस की."

रविवारी लग्न आहे. कोट आणून दिलाय. बाह्या लांब आहेत, आई आत दुमडून टाके घालतेय.