बंद घराची कडी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठते. घाबरून नाही हो, कंटाळून. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना दर अमावास्येला काहीतरी दिसतं आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना ते आम्हाला ऐकावं लागतं. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, काही दिवसांनी कागद उघडायचा, कोंब आला तर आला, नाही तर नाही. तिथे 'मला असं वाटलं' हे चालत नाही. घरीही माझा स्वभाव साधारण तसाच, असं आमचे हे म्हणतात — कौतुकाने म्हणतात की नाही, ते विचारलेलं नाही.

तर अशा बाईने हे लिहायला घेतलंय. लिहून तरी डोक्यातून जाईल म्हणून.

आम्ही मूळचे वाटूरचे, पण सासऱ्यांनी — त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो — नोकरीच्या सुरुवातीलाच जुन्या जालन्यात घर घेतलं. गल्लीचं नाव लिहीत नाही. अरुंद गल्ली, समोरासमोर दारं, निम्मी घरं आपली, निम्मी मुसलमानांची. कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना कळायचं. आमच्या शेजारी जुबेदाखाला. माझ्या सासूबाईंची त्या मैत्रीण, सासूबाई गेल्यावर आपोआप माझ्या झाल्या.

जालन्याबाहेरच्या लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा, आणि वेळेचा नेम नाही. त्यामुळे गल्लीत एक रीत होती. ज्याला नळाचा सूं सूं आवाज पहिल्यांदा ऐकू येईल त्याने उठून सगळ्यांच्या कड्या वाजवत जायचं. हे काम खालांनी कधीच स्वतःकडे घेऊन टाकलं होतं. "नळ आयाऽ" करत निघायच्या. त्यांचा नियम एकच — आतून "हौ" आल्याशिवाय दारातून हलायचं नाही. नुसती कडी वाजवून पुढे गेलं आणि माणूस झोपूनच राहिला तर त्याचा आठवडा गेला ना. आमच्या घरात मीच झोपाळू. त्यामुळे आमच्या दाराशी त्या सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहायच्या. मी अंथरुणातूनच ओरडायचे, "हौ खाला, उठले." मग त्या पुढच्या दाराला जायच्या.

ही गल्ली सोडायची हे माझ्या डोक्यात आलं त्याला कारण होतं. संध्याकाळी ऑफिसातून येताना गल्लीच्या तोंडाशी एक वळण लागायचं. तिथे पानटपरीपाशी पोरांचा घोळका असायचा, दिवा कधी लागलेला, कधी नाही. कुणी कधी काही बोललं नाही, खरंच नाही. पण स्कूटी तिथे आली की माझे खांदे आपोआप आखडायचे. मग गल्लीतल्या एका बाईच्या गळ्यातली पोत भरदिवसा ओढून नेली. पुण्याची नणंद फोनवर म्हणायची, "अगं, अजून त्याच भागात राहता तुम्ही?" तिच्या 'त्या भागात'मध्ये काय काय होतं ते मला कळायचं आणि रागही यायचा. पण रात्री दाराचा अडसर मी दोनदा तपासायचे, हेही खरं.

शेवटी भोकरदन रोडच्या बाजूला एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. कुंडलिका नदी ओलांडून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गेटवर वॉचमन, जिन्यात कॅमेरे, रुंद रस्ता, पांढरेफक दिवे. बोअरचं पाणी चोवीस तास. पहिल्या आठवड्यातच माझे खांदे सैल झाले. जेवून झाल्यावर एकटी शतपावलीला जायला लागले. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही… मला तर सुटल्यासारखं वाटलं.

नानांचं बरोबर उलट. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालचा मोकळा रस्ता बघत राहायचे.

"नाना, फिरून या ना. किती छान रस्ता आहे."

"कुठं फिरू? मला इथं भ्या वाटते."

"भीती? इथे? गेटवर माणूस बसवलाय की."

"तो येणाऱ्याला इचारतो. आतल्याला कोन इचारते? परवा मी खाली तासभर बसून राह्यलो, एका मानसानं म्हनलं न्हाई की नाना, काहून बसले."

मी हसले. म्हटलं, सवय होईल. ते म्हणाले, "व्हईल. मंग त्याचंच भ्या वाटते." मला ते हटवादीपणाचं वाटलं. जुनं घर विकू नका म्हणून त्यांनी हट्ट धरला, तोही मी वयाच्या खात्यात टाकला. घर कुलूप लावून तसंच राहिलं.

आता तो रविवार. मे महिना, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. ह्यांची एमआयडीसीत ड्युटी होती, घरात मी आणि नाना. नानांना शुगर आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. मी पान वाढलं, त्यांनी इंजेक्शन घेतलं, तेवढ्यात वाटूरच्या एका मित्राचा फोन आला. "तू जेवून घे, मी बसतोच," म्हणाले. मी जेवले, ओटा आवरला आणि आडवी झाले. कूलरच्या घरघरीत डोळा कधी लागला कळलंच नाही.

आणि कडी वाजायला लागली.

जुन्या घराच्या दाराची लोखंडी कडी. सागवानी फळीवर आपटल्यावर तिचा एक जड, थोडा भसाडा आवाज यायचा, तोच. मी झोपेत होते, त्यामुळे काही विचित्र वाटलं नाही. उलट नेहमीसारखा वैताग आला. कूस बदलली. कडी थांबेना. वाजतेय, जरा दम खातेय, परत वाजतेय. आणि मधेच तो आवाज, चिडलेला आणि मायेचा — "बहू, उठ गे. नळ आया."

मी म्हटलं, "हौ खाला, उठले."

आवाज थांबला. मी उठून बसले, पाय खाली सोडले, मोटर लावायची म्हणून उभीसुद्धा राहिले. मग समोर फ्लॅटची गुळगुळीत भिंत दिसली.

आमच्या फ्लॅटच्या दाराला कडीच नाही हो. बेल आहे, आणि किल्लीचं आपोआप बसणारं कुलूप. दारावर हात मारला तर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो.

तरी जाऊन दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. स्वप्न पडलं म्हणून परत झोपणार होते, अगदी खरं सांगते, पाऊल खोलीकडे वळलंही होतं. पण नळ आला की पहिल्यांदा नानांना हाक मारायची ही इतक्या वर्षांची सवय… पाय त्यांच्या खोलीकडे गेले. जाताना टेबलावर त्यांचं पान दिसलं. वर ताट झाकलेलं होतं, तसंच.

नाना पलंगावर होते. बनियन घामाने ओलं चिंब, आणि अंग गार. हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या. घशातून नुसता घरघर आवाज. इंजेक्शन घेतलं, फोनवर बोलले, जेवायचं राहिलं आणि जरा पडावं म्हणून पडले होते. मी अनवाणीच समोरच्या फ्लॅटकडे धावले. ज्यांचं नावही मला धड माहीत नव्हतं त्या गृहस्थांनी नानांना उचलून गाडीत घातलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळाने नानांनी डोळे उघडले. मी रडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "पानी भरलं का?"

डॉक्टर म्हणाले, शुगर अशी उतरली की माणूस असंबद्ध बोलतो. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही संध्याकाळी उठून बघितलं असतं, तर आपण हे बोलत नसतो." आणि मी रविवारी संध्याकाळपर्यंतच झोपते. सगळ्या घराला माहीत आहे.

ह्यांना मी एवढंच सांगितलं की जाग आली म्हणून बघायला गेले. कडीचं बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वॉचमनला थाप मारून जिन्यातला कॅमेरा बघितला. मी उठेपर्यंत आमच्या दाराशी कुणी आलेलं नव्हतं. शेवटी मीच दार उघडून बावळटासारखी डोकावताना दिसते, बस. मी ठरवलं, स्वप्नच. झोपेत कूलरचा पंखा कुठेतरी घासला असेल, त्याची मेंदूने कडी केली असेल. पुरे झालं.

मनात दुसरी शंका होती, ती लिहायला लाज वाटते. मला वाटलं, खाला तर गेल्या नसतील? असल्या गोष्टींत असंच असतं ना… डबा खाताना ऐकलेलं सगळं डोक्यात साठलेलं असतं. फोन करायचा धीर होईना. आठवडाभराने नाना घरी चालते-फिरते झाले, तेव्हा सरळ स्कूटी काढली आणि नदी ओलांडून गल्लीत गेले.

खाला ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. ठणठणीत. मला बघून सूप बाजूला ठेवलं आणि आधी रागावल्या, "आ गई आज? रास्ता मिल्या?" मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या शेजारीच बसकण मारली.

मी अजून काही बोललेही नव्हते. त्यांची नात शिफा कॉलेजात आहे, ती चहा घेऊन बाहेर आली आणि हसत म्हणाली, "काकू, तुम्ही दादीला घेऊनच जा तिकडं. तुमच्या बंद घराची कडी वाजवत बसल्ती मागं. सगळी गल्ली हसून राह्यली."

"कधी गं?"

"मागच्या रविवारी. दुपारीच नळ आल्ता ना, भर उन्हात."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

खालांना नातीचं बोलणं लागलं होतं. "आदत है," त्या मला म्हणाल्या. "सबकी कडी बजाते बजाते हात तेरे दरवाजे पे गया. कुलूप नीचे, कडी तो ऊपर मोकळीच है. मेरा ध्यान नहीं."

"मी ओरडले ना, दादी, ताला है म्हणून," शिफा म्हणाली. "तर म्हणते, रुक, अंदर कोई है. हटायलाच तयार न्हाई. घामाघूम झाल्ती."

"जवाब आए बगैर कैसे हटू?" खाला म्हणाल्या. "मेरा जी घबराया था उस दिन. क्यों, वो मत पूछ."

मी विचारलं, "मग हटलात कशा?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. सूप परत मांडीवर घेतलं.

"तूच बोली ना अंदर से. हौ खाला, उठले. तो मैं आगे गई."

शिफाने 'नाही' अशी मान हलवली. तिला काही ऐकू आलं नव्हतं, ती शेजारीच उभी होती. आणि मी ते तीन शब्द झोपेत बोलले, हे तोवर मी एकाही माणसाला सांगितलेलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं. खालांना वाटलं मी जुन्या घराच्या आठवणीने रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

नंतर मी ओट्यावरून उठून आमच्या दाराशी गेले. कुलपावर धूळ होती. वरच्या कडीवर नव्हती.

मला याचा अर्थ लागलेला नाही. बऱ्याच वेळा सगळं समोर मांडून बघितलं, दरवेळी तिथेच येऊन अडकते. अजूनही गल्लीतल्या त्या वळणावर माझे खांदे आखडतात, ते काही बदललं नाही. पण नाना त्या दिवशी कशाला भ्या म्हणत होते ते आता मला कळतं. आम्ही जुनं घर विकायचा विषय बंद केलाय. खालांना मी विचारलं, पुढच्या वेळी नळ आला की आमची कडी वाजवाल का, घर बंद असलं तरी? त्या म्हणाल्या, "बजाऊंगी. तू जवाब दे बस."