टोपी जतला गेली तेव्हा

संशोधनाकडे मी पन्नाशीत वळले. तोवर सांगलीतील एका महाविद्यालयात निमूटपणे शिकवत होते. मेंदूतील विद्युतलहरी टिपणारी एक स्वस्त टोपी आम्ही तयार केली आणि ती इतर संस्थांपर्यंत पोहोचवण्यासाठी आम्हाला अनुदान मिळाले. दुसऱ्या हप्त्यासाठी अट अशी होती की, आम्ही शिकवलेल्या एखाद्या महाविद्यालयाने ती माझ्या मदतीवाचून चालवून दाखवावी. मी तेथे असले तरी बोलू नये. माझ्यासारख्या भिडस्त बाईला ही अट फारच सोयीची वाटली.

ही परीक्षा जत तालुक्यातील एका महाविद्यालयात होती. साताऱ्याहून अनुदान समितीचे अध्यक्ष आले होते. तेथील तरुण प्राध्यापिकेने एका विद्यार्थिनीच्या डोक्यावर टोपी चढवली. पण पडद्यावर लहरींऐवजी नुसता गोंधळ उमटला. कारण माझ्या लक्षात आले. मी ओठ मिटून बसले. आज हे जमले नाही, तर टोपी माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटातच राहणार होती.

प्राध्यापिकेने मुलीच्या भांगावरून बोट फिरवले.

"तेल किती गं हे? लहरी टोपीपर्यंत पोहोचणार कशा?"

"आईनं थापलं, मॅडम. म्हणली, पावणं येणार हायत, झिपऱ्या घिऊन जाऊ नगंस."

सगळ्याच मुली तशा चोपून तेल लावून आल्या होत्या.

"नळावर धुऊन या."

"नळाला पाणी कुठलं, मॅडम? टँकर दुपारनं येतोय की."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. प्राध्यापिकेने त्यांचे तुळतुळीत डोके पाहिले.

"सर, तुमचंच डोकं देता का थोडा वेळ?"

मुलींनी ओढण्या तोंडाशी नेल्या.

"बघा बाई," अध्यक्ष म्हणाले, "काही सापडलं तर आमच्या घरीही कळवा."

तिने टाळू पुसली, टोपी बसवली, डोळे मिटायला सांगितले. पडद्यावर संथ, एकसारख्या लहरी धावू लागल्या.

"लय शांत हाय की सरांचं," एक मुलगी पुटपुटली.

"हे मात्र घरी कुणाला पटायचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरे तिनेच दिली. चहासुद्धा त्यांनी टोपी घालूनच घेतला आणि हप्त्याची शिफारस करतो म्हणाले.

"आमच्याकडे साताऱ्याला शिकवायला याल?"

उत्तरासाठी मी घसा साफ केला; पण ते तिच्याकडे पाहत होते.

"येते की," ती शेजारच्या दोन मुलींकडे बोट दाखवत म्हणाली. "पण ह्या दोघींना बरोबर आणीन. टोपीची जोडणी त्यांना माझ्यापेक्षा चांगली जमते."

"मुक्काम करावा लागंल व्हय?" एकीने विचारले. दुसरीने तोवर घरी फोन लावलाही होता.