पालकाचा उतारा

कंधारच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली तशी आईनं मला छातीशी धरलं आणि तिच्या आतली टिकटिक माझ्या कानात शिरली. तिच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे, ती उघडमिट करताना वाजते. "जा गं, माझी काळजी न्हाई. घड्याळ आत घेऊनच हिंडते मी," ती हसली. मी नर्सिंग शिकायला निघाले होते. होस्टेलात कितीतरी दिवस मला शांतताच सोसवेना.

त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून आईला रोज रक्त पातळ ठेवायची गोळी. कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून तपासणी. कंधारात रक्त काढायचं, ते नांदेडला जायचं, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. म्हणजे आजची गोळी परवाच्या रक्तावर ठरायची! गावाकडच्यांनो, ह्याला उपचार म्हणायचं का अंदाज?

गेल्या हिवाळ्यात तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. रिपोर्ट म्हणाला, फारच पातळ. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, दोन दिवस गोळी बंद, पुन्हा तपासा, लागलं तर उतारा देऊ. आई म्हणाली, "कसला उतारा, सातबाऱ्याचा?" शेजारच्या मावशीनं मात्र ते मनावर घेतलं. मेडिकलवाला तिला सहज बोलून गेला, ह्या गोळीवर पालकसुद्धा उताराच. झालं! दुसरा रिपोर्ट कुठंतरी अडकला आणि मावशी दोन आठवडे पालक रांधत राहिली. गोळ्या डब्यातच. मावशीला बोल लावू नका. तिला थांब म्हणणारा कागद आलाच नाही.

मग एका दुपारी फोनवर आई बोलायची थांबली आणि मागं टिकटिक नव्हती.

"आई, फोन छातीला लाव."

नुसता श्वास. आत कुणीतरी कापूस कोंबल्यासारखा. मागून मावशी ओरडली, "रगत घट्ट करायला पालक घालून राहिले ना बाई, लई फरक हाय!"

संध्याकाळी आईला लातूरला आणलं. बोटाला टोचलं, एक थेंब पट्टीवर, मुठीएवढ्या मशीनमध्ये. एक मिनिट. तीनच्या आसपास हवा असलेला आकडा एकच्या जरासा वर. झडपेवर गाठ धरली होती. औषध चढवलं. तिसऱ्या दिवशी झडपेचा आवाज परत आला; पण गाठीचा तुकडा मेंदूत गेला होता, डाव्या हाताची मूठ परत आली नाही.

आता होस्टेल सोडून मी लातुरातच दहा बाय दहाची खोली घेतली आहे, आई तिथं माझ्याजवळ राहते. गल्लीत तिला कुणी ओळखत नाही. ती दर रविवारी विचारते, "आलं का गं तिकडं मशीन?" नाही आलं. तालुक्याच्या दवाखान्यात ते मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे, हे मी अर्जांत लिहून लिहून थकले, तरी लिहिते.

लोकांना वाटतं, म्हातारी लेकीच्या मायेनं शहरात आली. खोटं आहे. तिनं आपलं घर, आपली माणसं, सगळं सोडलं ते एका मिनिटासाठी.