रिकामी बाटली आणलीत?

"रिकामी बाटली आणलीत?"

नमस्कार नाही, बसा नाही. काउंटरपाशी पोचलं की पहिला प्रश्न हा. बाटली पुढे केली की काका चष्मा कपाळावर सरकवायचे, बाटली ट्यूबलाइटसमोर धरून कलती करायचे आणि तिच्या बुडाशी बघत राहायचे. मागे गिऱ्हाइकं ताटकळत असली तरी.

कामापुरतंच ज्याच्याकडे जावं लागतं आणि दर वेळी डोकं फिरवून घेऊन परत यावं लागतं, असा एखादा माणूस तुमच्याही माहितीत असेल. माझ्या वाट्याला हे काका आले.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि ते व आई माझ्याकडे घोडबंदर रोडला राहायला आले. बाबांना गोळी गिळता येईना. फिट येऊ नये म्हणून ती गोळी तर रोज पोटात जायला हवी. तिचं पातळ औषध बाजारात मिळेना. डॉक्टर म्हणाले, बनवून घ्या. शोधत शोधत पोचले ती कल्याणला, घाऊक बाजारामागच्या गल्लीतल्या या काकांच्या औषधांच्या दुकानात.

"काका, महिन्याचं एकदम द्या. ट्रॅफिकमध्ये माझा शनिवार जातो."

"भाजी आणता का महिन्याची एकदम?"

"माझ्याकडे फ्रीज आहे."

"असेल हो. पण हे औषध टिकत नाही, त्याला फ्रीज काय करणार?"

"मग निदान करून ठेवा, मी फोन करून निघते."

"फोनवर बाटली दिसत नाही."

म्हणजे दर खेपेला उभं राहणं आलं. ते गोळ्या खलात टाकायचे आणि घोटत बसायचे. पूड चिमटीत चोळून बघायची, परत घोटायची. मग थोडंसं सिरप घालून तिची पेस्ट, मग थोडं आणखी, थोडं आणखी. काचेच्या मापातली रेघ डोळ्यांसमोर यावी म्हणून स्वतः वाकायचे. माप उचलून वर धरायचे नाहीत. शेवटी बाटलीला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, पूर्वी दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटलीवर असायची तशी. एक खाच, एक डोस. मी तिथे उभी राहून मनात बँक, गॅस, इस्त्रीचे कपडे एकेक करून पुढच्या शनिवारवर ढकलत असायची.

बाटलीवरून तर आमचं भांडणच होतं. आई ती घासून लखलखीत करायची. शिवाय कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून तिच्यात दोन खडे खडीसाखर टाकायची.

"हे काय आहे?" काकांनी पहिल्या वेळी बाटली खुळखुळवून विचारलं.

"आईची पद्धत आहे."

"आईंना सांगा, धुऊन पाठवू नका. जशी आहे तशी हवी."

मी सांगितलं. आई म्हणाली, "खरकटी बाटली लोकांच्या हातात द्यायची? मला नाही जमणार." पुढच्या वेळी बाटली आणखी लखलखीत, खडे तीन.

इकडे बाबांच्या फिट्स थांबेनात. दर वेळी ते आणखी थकत, बोलणं आणखी जड होई. डॉक्टरांनी डोस वाढवला. तरी फिट आलीच. आता आणखी वाढवू म्हणाले. त्या शनिवारी मी काउंटरवर बाटली आपटलीच.

"काका, तुमच्या औषधाने काही होत नाहीये."

ते चिडले नाहीत, याचाच मला राग आला.

"न धुतलेली बाटली आणा."

"आई ऐकत नाही हो!"

"मग चोरा."

चोरली. आई पूजेला बसलेली असताना सिंकमधून उचलली आणि पिशवीत टाकली. काकांनी ती उजेडात धरली, कलती केली आणि या वेळी माझ्याकडे वळवली. बुडाशी पांढरा, घट्ट, बोटभर जाड थर.

"तुमच्या वडिलांचं औषध हे इथे आहे. आईंना फोन लावा."

मी स्पीकर लावला. आई आधी बाटली कुठे गेली यावरून मला ओरडली. मग काकांनी विचारलं, "बाटली हलवता ना?"

"हलवते की! चांगली खळाखळा हलवते. मग निवळू देते."

"निवळू देता?"

"मग? आजारी माणसाला काढा काय गढूळ देतात? गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ घालते."

मला वाटलं, आता आईची धडगत नाही. मला उठता बसता ऐकवणारा हा माणूस फोनकडे जरा झुकला आणि म्हणाला, "वहिनी, यात गाळच औषध असतं. बाटली हलवली की लगेच चमचा भरायचा."

पलीकडून बारीक आवाजात, "अगं बाई."

"आणि खडीसाखर चांगली असते हो तुमची," काका म्हणाले.

नवी बाटली मात्र हातात देईनात. "वाढवलेला डोस आता पूर्ण पोटात जाईल. आधी डॉक्टरांना विचारा." डॉक्टर फोन उचलेपर्यंत मला तिथेच बसवून ठेवलं. डोस पुन्हा पहिल्यावर आला. फिट्स विरळ झाल्या, मग थांबल्या. पुढे दर शनिवारी न धुतलेली बाटली जायची. खडीसाखर वेगळ्या पुडीत.

यंदा एका शनिवारी शटर बंद दिसलं. शेजारचा मसालेवाला म्हणाला, "गेले ओ ते. झोपेतच."

गाडीत बसून मी केमिस्टना फोन लावत सुटले. "मॅडम, असं बनवून कोण देतं आता? गोळी चुरून पाण्यातून द्या ना." सगळ्यांचं हेच. शेवटी मुंबईतलं एक ठिकाण सापडलं. तिथून सीलबंद बाटली कुरिअरने येते, छापील लेबल लावून. माझे शनिवार मोकळे झाले. पट्टी नाही, खाचा नाहीत. आई किती देते, कसं देते, कोणी विचारत नाही.

परवा ओटा आवरताना एक रिकामी बाटली दिसली. बुडाशी पांढरा ओघळ वाळलेला. मी ती सिंककडे नेली, तर आई, जिच्या ओट्यावर खरकटा चमचा राहत नाही, ती मागून म्हणाली, "धुऊ नकोस गं. कोणी बघायला मागितली तर?"